नोरीनच्या टाकीचा वास

फिन्टनने फोनवर आधी डब्लिनमध्ये हवा कशी आहे ते विचारलं, मग तुझे वडील गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं, असं म्हणाला, आणि मग तितक्याच हळू आवाजात सांगितलं की तुझ्या बोटीला वास येतोय.

योगिनी सिटीवेस्टमधल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसली होती. तिने मीटिंग म्यूट केली. "कसला वास?"

"संडासाचा," फिन्टन म्हणाला. मग त्याला ते पुरेसं वाटलं नसावं. "म्हणजे संडासात काहीतरी मेलंय, आणि मेल्यालाही बरेच दिवस झालेत, असा."

फिन्टनचं लॉफ डर्ग तळ्याच्या काठी छोटंसं बोटयार्ड होतं. तिथल्या धक्क्याला योगिनीची सव्वीस फुटी शिडाची बोट बांधलेली असे. गेला सगळा हिवाळा कुणालाच आपल्या काउंटीबाहेर जायची परवानगी नव्हती. ती कालच, दहा मेला, मिळाली होती. शेजारच्या बोटीचे मालक पहिल्याच दिवशी हौसेने आले, डेकवर खुर्च्या मांडून बसले आणि वीस मिनिटांत खुर्च्या उचलून निघून गेले. फिन्टनने मग बोटीतली मैल्याची टाकी पंपाने उपसायचा प्रयत्न केला. टाकी जेमतेम चतकोर रिकामी झाली आणि पंप कण्हायला लागला. योगायोगाने एनिस गावचा फिटर यार्डात दुसऱ्या कामाला आला होता, त्याने डोकावून पाहिलं.

"त्याचं म्हणणं, नळकाम मुळातच चुकलंय," फिन्टन म्हणाला. "पाइपांना आतून वास मुरलाय. तो सोमवारी परत येतोय. टाकी, पाइप, सगळं उपटून नवीन बसवेल."

"ते नळकाम बाबांनी केलंय."

"माहीत आहे. म्हणून तर आधी फोन केला."

योगिनीने खिडकीबाहेर पाहिलं. लाल मार्गावरची लुआस ट्राम रिकामीच थांब्यात शिरत होती.

"सोमवारच्या आत मी काढते तो वास," ती म्हणाली. जानेवारीत कोविड झाल्यापासून तिला कसलाही वास येत नव्हता.

*

तिचे वडील, पद्माकर, नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात चौतीस वर्षं होते. २०२०च्या फेब्रुवारीत ते तीन महिन्यांसाठी मुलीकडे आले, आणि विमानं बंद झाल्यामुळे सहा महिने राहिले. फिन्टन त्यांना पहिल्या दिवसापासून पॅडी म्हणायचा. बाबांनी ते नाव बदलीचा हुकूम स्वीकारावा तसं स्वीकारलं.

बोट योगिनीने आदल्या वर्षी घेतली होती. का, ते तिला कुणालाच नीट सांगता आलं नव्हतं. बोटीचं नाव होतं 'नोरीन'. ते मूळ मालकाच्या बायकोचं नाव. त्या बाई म्हणे वासामुळे बोटीत कधी पाऊल ठेवत नसत. बाबांनी एप्रिल, मे आणि जून हे तीन महिने सिटीवेस्टच्या सोफ्यावर बातम्या ऐकत काढले. जुलैत बाहेर पडायची मुभा मिळाल्यावर योगिनी त्यांना बोट दाखवायला घेऊन गेली. ते केबिनमध्ये उतरले, दोनदा श्वास आत घेतला आणि म्हणाले, "व्हेंट बंद आहे." गेल्या पाच महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान तिने पाहिलं नव्हतं.

पुढचे सहा आठवडे ते बोटीतच राहिले. योगिनी शनिवार-रविवार जायची आणि सांगितलेलं सामान न्यायची. बाबांचं म्हणणं सोपं होतं. मैल्यात दोन प्रकारचे जंतू. हवेवर जगणारे जंतू आपलं काम करतात आणि त्यांचा वास येत नाही. हवा नसली की दुसरे माजतात, आणि गावभर नाव होतं ते त्यांचं. जुन्या मालकाने टाकीला पेन्सिलीएवढा व्हेंट, म्हणजे हवेची नळी, ठेवला होता आणि त्यात एक कोळी सहकुटुंब राहत होता. बाबांनी दीड इंची पाइप टाकला, आखूड आणि सरळ. संडासापासून टाकीपर्यंतचा पाइप कुठेही झोळ न पडता नेला, कारण झोळ पडला की तिथे पाणी साचतं, आणि साचलं की पाइपात मुरतं. संडासाच्या दारावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात पाटी लावली. पंप वीस वेळा मारणे. मोजून. खाली तेच इंग्रजीत लिहिलं होतं. इंग्रजीत 'मोजून'च्या खाली दोन रेघा होत्या.

टाकीपाशी जायला कॉकपिटखालच्या, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेखालच्या, कप्प्यात पोटावर सरपटत शिरावं लागे. त्र्याहत्तराव्या वर्षी बाबा शिरायचे. पण वर कुणीतरी उभं असल्याशिवाय नाही. खात्यात त्यांनी हा नियम स्वतः घातला होता आणि शेवटपर्यंत पाळायला लावला होता. गटारात उतरणाऱ्या माणसासाठी वर एक माणूस हवा, त्याने जागचं हलायचं नाही, आणि खालच्याने दर थोड्या वेळाने हाक मारायची. माणसं पाठवण्याआधी वर्षातून एकदा ते स्वतः उतरत, म्हणून त्यांच्यावर चिडणारे अधिकारीही पुष्कळ होते. योगिनी नसेल तेव्हा बोटीवर हे काम फिन्टनकडे आलं.

"वर कोण आहे?" आतून बाबा ओरडत.

"मी आहे," फिन्टन म्हणे. एवढंच मराठी तो शिकला. बाबांच्या मते एवढं पुरेसं होतं.

नवीन नळकाम उत्तम चाललं. एकच गोष्ट होती. फ्लश केलं की टाकीत जेवढं पाणी जाई तेवढी हवा व्हेंटमधून बाहेर पडे. वारा असला तर कळतही नसे. वारा पडलेला असला तर मिनिटभर वास यायचा आणि जायचा.

नेमकं ते मिनिट माधवीच्या वाट्याला आलं. माधवी आणि तिचा नवरा शिरीष क्लोनडॉकिनला राहायचे. माधवी योगिनीच्याच कारखान्यात, औषधांच्या क्वालिटीत. ती काही बोलली नाही. चहाचा कप घेऊन बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि तळं किती छान आहे ते सांगू लागली. योगिनीला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात माधवी परत येणार होती, या वेळी ऑफिसातली आणखी चार जणं घेऊन. शनिवारी संध्याकाळी योगिनी बाबांना म्हणाली, "उद्या वास नकोय मला."

"मिनिटभराचा असतो गं तो. ती टाकी श्वास सोडते."

"मग उद्याचा दिवस तिला श्वास रोखून धरायला सांगा."

"असं होत नाही."

"बाबा, चौतीस वर्षं तुमच्या खात्याच्या गोष्टी ऐकल्या. शाळेत मला काय म्हणायचे ते तुम्हाला माहीत नाही असं नाही. एक दिवस, फक्त एक दिवस मला लोकांसमोर या विषयावर बोलायचं नाहीये. काय करायचं ते करा."

बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "बघतो," म्हणाले.

रविवारी वारा अजिबात नव्हता आणि वासही नव्हता. माधवी कॉकपिटमध्ये पाय पसरून बसली. योगिनीने हळूच विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "केलंय काहीतरी. तात्पुरतं." ते दिवसभर अस्वस्थ होते आणि प्रत्येक पाहुण्याला यार्डातलं टॉयलेट किती स्वच्छ आहे ते सांगत होते. तरी तीन-चार जणांनी बोटीतलंच वापरलं. शिरीष बाहेर येऊन म्हणाला की पंप जरा जड जातोय काका. बाबा म्हणाले, नवीन आहे.

मंगळवारी दूतावासाचा मेल आला, खास विमानात जागा आहे, गुरुवारी निघायचं. बोटीवर परत जायला वेळच झाला नाही. विमानतळावर आत जाता जाता बाबा म्हणाले, "बोट बंद करण्याआधी टाकी उपसून घे. आणि ते..." मागच्या माणसाने ट्रॉली पुढे ढकलली आणि ते आत गेले.

सप्टेंबरात योगिनी एकदा जाऊन बोटीवर ताडपत्री घालून आली. पाऊस होता. टाकी उपसली नाही. रात्री फोनवर बाबांनी विचारलं, "नोरीन कशी आहे?" ती म्हणाली, "ग्रँड आहे," इथले लोक 'ठीक आहे' म्हणतात तसं. मग सगळंच बंद झालं.

जानेवारीत तिचा वास गेला. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बाबा गेले, पुण्यात, अकरा दिवस हॉस्पिटलात काढून. तिने ते फोनच्या पडद्यावर पाहिलं. फोन सारंगच्या, तिच्या भावाच्या, हातात होता.

*

शनिवारी सकाळी दहाला ती यार्डात पोचली. फिन्टनने तिला लांबूनच कोपर दाखवलं, तिनेही दाखवलं.

"येतोय का तुला?" त्याने बोटीच्या दिशेने मान करत विचारलं.

"नाही. मला काहीच येत नाही. जानेवारीपासून."

फिन्टनने थोडा विचार केला. "मग तू वास शोधणार कसा?"

"तुझ्या नाकाने."

योगिनी औषधांच्या कारखान्यात व्हॅलिडेशन बघायची. म्हणजे एखादी गोष्ट चालते असं नुसतं म्हणून भागत नाही, ती चालते हे कागदावर सिद्ध करायचं, सही आणि तारखेसह. तिने तीन पानांचा प्रोटोकॉल, म्हणजे तपासणीची कृती, छापून आणला होता. पाइपातून वास झिरपतो की नाही हे बघायची रीत बाबांनी बोटीतल्या कामाच्या वहीत लिहिली होती, आणि तिने ती तेव्हाच वाचली होती. फडकं गरम पाण्यात पिळून पाइपाला गुंडाळायचं. गार झालं की काढून हुंगायचं. फडक्याला वास लागला तर पाइप गेला, नाही लागला तर पाइप निर्दोष. बाबांनी ते एका वाक्यात लिहिलं होतं. तिच्या प्रोटोकॉलमध्ये त्याला दीड पान लागलं.

तिने बोटीची सगळी झाकणं उघडून ठेवली, तासभर थांबली, मग आत गेली. सात फडकी पाइपावर सात ठिकाणी गुंडाळली. आठवं नुसतंच पिळून ठेवलं, कशालाच न लावता. गार झाल्यावर प्रत्येक फडकं वेगळ्या पिशवीत घातलं, पिशव्यांवर आकडे टाकले, आकड्यांचा क्रम मोडला, आणि पिशव्या बोटीपासून लांब, यार्डाच्या मागे बाकावर ओळीने मांडल्या. फिन्टन बाकासमोर हात मागे बांधून उभा राहिला.

"मी हे करतोय असं माझ्या बायकोला कळता कामा नये," तो म्हणाला.

"कागदावर तुझी फक्त आद्याक्षरं आहेत."

त्याने पहिली पिशवी उघडली. "ग्रँड." दुसरी. "ग्रँड." तिसऱ्या पिशवीपाशी तो बराच वेळ थांबला आणि योगिनीचं पेन कागदावर थांबलं. "या पिशवीत सँडविच होतं का?"

"होतं."

"चीज आणि कांदा. ग्रँड." चौथी, पाचवी, सहावी, सातवी. आठवी हुंगून तो म्हणाला, "सगळी सारखीच आहेत. ओल्या फडक्याचा वास. तुझी फडकी नीट वाळत नाहीत."

आठवी पिशवी नंबर दोनच्या फडक्याची होती, टाकीच्या अगदी तोंडाशी लावलेल्या. नुसतं पिळलेलं फडकं पाचव्या पिशवीत होतं. योगिनीने आकडे पुन्हा जुळवून पाहिले. पाइपांत काहीही मुरलेलं नव्हतं, एका इंचातही नाही. तिने खाली निष्कर्ष लिहिला, सही केली, फिन्टनला करायला लावली. मग बाकावर बसून राहिली.

"पॅडीचे पाइप चांगले आहेत तर," फिन्टन म्हणाला.

"हो."

"पण वास आहे."

"हो."

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "फिटर म्हणेल, पाइप चांगले असतील तर टाकी फुटलीय. तो उपटायचंच म्हणेल. माझेही हात बांधलेत. शेजारचे लोक रोज फोन करतायत."

"उद्याचा दिवस आहे," योगिनी म्हणाली.

रात्री ती यार्डाच्या ऑफिसातल्या कोचावर झोपली. झोपण्याआधी बाबांची वही पहिल्यापासून वाचली. वही बोटीतल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, होती, प्लास्टिकच्या पिशवीत, मिठाच्या डब्याशेजारी. प्रत्येक नोंदीची घडण एकच होती. तारीख, काय पाहिलं, काय केलं, आणि शेवटी 'ठीक' किंवा 'ठीक नाही'. शेवटची नोंद त्या शनिवारची, पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशीची. तारीख आणि पुढे एकच शब्द होता. तात्पुरते. त्यापुढे ठीकही नव्हतं आणि ठीक नाहीही नव्हतं.

रविवारी सकाळी दात घासताना तिला शिरीषचा जड पंप आठवला. त्यामागोमाग फिन्टनचा कण्हणारा पंप. टाकीत ढकलायला जाल तर टाकी घेत नाही, ओढायला जाल तर सोडत नाही. अशी टाकी फुटलेली नसते. ती बंद असते, आणि आत कोंडलेला वायू संडासाच्याच वाटेने मागे फिरतो.

तिने फिन्टनची छोटी होडी मागितली. व्हेंटचं तोंड बोटीच्या बाहेरच्या अंगाला, डेकच्या काठाखाली होतं, धक्क्यावरून न दिसणाऱ्या बाजूला. फिन्टनने होडी वल्हवत तिथे नेली. योगिनीने पायपंपाची नळी हातात तयार ठेवली होती. व्हेंटमध्ये हवा मारून बघायची असा बेत होता. पण नळी लावायला तोंडच नव्हतं. बोटीची पांढरी बाजू सरळ, गुळगुळीत होती.

"दुसऱ्या बाजूला असेल," फिन्टन म्हणाला.

"बाबा तो बसवत होते तेव्हा मी इथेच होते." तिने हात फिरवला. बोटाला एक गोल कड लागली, आणि कडेच्या मधोमध एक खळगा. तिने डोळा जवळ नेला. तोंड होतं. ते एम-सीलने गच्च भरलं होतं, वर बोटीच्या रंगाचा पांढरा हात मारला होता, नीटनेटका, कडेला न सांडता. परदेशी जाताना बाबांच्या बॅगेत एम-सीलची दोन पाकिटं असत, लोणच्याच्या बाटलीला गुंडाळलेली. त्यांनी चौतीस वर्षं दुसऱ्यांनी बुजवलेली तोंडं उघडली होती. स्वतः बुजवलेलं हे बहुधा पहिलंच असावं. मधला खळगा अंगठ्याचा होता. रंगाखालीही रेषा दिसत होत्या.

होडी हलत होती. योगिनी बोटीच्या काठाला धरून राहिली.

"पॅडीने केलं हे?" फिन्टनने विचारलं.

"मी सांगितलं होतं."

फिन्टनने वल्ही आत घेतली आणि तळ्याकडे पाहत बसला.

धक्क्यावर येऊन तिने सारंगला फोन लावला. पुण्यात दुपारचे साडेतीन वाजले होते.

"बाबांनी बोटीबद्दल काही लिहून ठेवलंय का रे? तुझ्याकडच्या डायरीत?"

"कसल्या बोटीबद्दल? तुझ्या?" सारंग म्हणाला. "जेवलीस का?"

"डायरी बघ ना."

ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ पानांचा. "काहीच नाही गं. नेहमीचंच आहे. सिलिंडर, पेन्शनचा दाखला, लस... थांब. हे बघ, मार्च. 'योगिनीला सांगणे, व्हेंट उघडणे.' हेच का?"

"हेच."

"फेब्रुवारीतही आहे. 'योगिनीला सांगणे.' त्याच्यापुढे 'तिला बरं नाही, नंतर.' जानेवारी, तेच. डिसेंबर. अगं, हे दर महिन्याला आहे. बाकी सगळ्यांपुढे टिक आहे, हे एकटंच पुढच्या महिन्यात ओढलंय." पानं उलटत तो मागे मागे गेला. "सप्टेंबरपासून आहे. सप्टेंबरमध्ये लिहिलंय, 'ग्रँड आहे म्हणाली.' म्हणजे काय?"

योगिनी धक्क्याच्या कडेला बसली.

"दर रविवारी तर बोलायचात तुम्ही," सारंग म्हणाला. "तासतासभर. मग सांगितलं का नाही त्यांनी?"

दर रविवारी बाबा विचारायचे, नोरीन कशी आहे. आणि ती म्हणायची, बाबा, बोटीचं सोडा, तुम्ही घराबाहेर पडत नाही ना? मग तिची तब्येत, मग त्यांची, मग लस. व्हेंटबद्दल सांगायचं तर तो पाहुण्यांचा रविवार काढावा लागला असता, आणि त्याच्या आदल्या दिवशी ती काय बोलली तेही.

"एप्रिलमध्ये?" तिने विचारलं.

"एप्रिलच्या यादीत पहिलंच आहे," सारंग म्हणाला. "बाकी पान कोरं आहे."

*

"ड्रिल मारलं की दोन मिनिटांचं काम," फिन्टन म्हणाला. त्याने ड्रिल आणलंही होतं.

"ड्रिल नको. मी अख्खं तोंडच काढते, आतून नट सोडवून. तुझ्या दुकानात नवीन असेल ना?"

"असेल. पण त्यासाठी कप्प्यात शिरावं लागेल. आणि पाइप सुटला की आठ महिन्यांचं सगळं बाहेर येईल. तुझ्या तोंडावर."

"हवा येईल. टाकीची पातळी खाली आहे."

"हवाच म्हणतोय मी."

योगिनीने कॉकपिटचं झाकण काढलं, केबिनच्या खिडक्या उघडल्या, फिन्टनचा मोठा पंखा कप्प्याच्या तोंडाशी लावला. आपल्याला वास येत नाही याचा अर्थ आपल्याला धोका कळणार नाही, हे तिने कागदावर लिहून फिन्टनला दाखवलं. दर मिनिटाला हाक. हाकेला उत्तर आलं नाही तर पाय धरून ओढायचं. कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. मग ती पोटावर पडून आत शिरली.

आत बाबांचे क्लॅम्प होते, प्रत्येकाचा स्क्रू एकाच दिशेला तोंड करून. पाइपावर मार्करने बाण आणि त्यांच्या अक्षरात 'टाकीकडे'. तिने क्लॅम्प सैल केला आणि पाइप ओढला. फुस्स असा लांब आवाज झाला, बसचा दरवाजा उघडल्यासारखा, आणि थांबेचना. वर काहीतरी आपटलं. फिन्टन ज्या देवाचं नाव घेत होता त्याला तो एरवी रविवारीही त्रास देत नसे. शेजारच्या धक्क्यावर कुणीतरी घाईने गाडी सुरू केली.

योगिनीला काहीच आलं नाही. हवा गार होती, एवढंच. ती पंख्याकडे तोंड करून नट सोडवत राहिली. या कामाला तिच्याइतकी लायक बाई त्या दिवशी अख्ख्या देशात नसावी.

नट अडला होता. तिने पाना बदलला. मिनिट झालं होतं, तिच्या लक्षात आलं.

"वर कोण आहे?" ती ओरडली. ते मराठीतच निघालं.

वर खोकला आला. मग दोराला एक हलका हिसका बसला.

"मी आहे," फिन्टन म्हणाला. नाकाला रुमाल असल्यामुळे ते आणखीच आयरिश वाटलं.

ती पान्यावर कपाळ टेकून थोडा वेळ तशीच पडून राहिली. दुसरं मिनिट होईपर्यंत. मग पुन्हा हाक मारली, पुन्हा उत्तर आलं, आणि नट सुटला. तोंड निघेपर्यंत हाक आणि उत्तर असं अकरा वेळा झालं.

जुनं तोंड एम-सीलसकट अख्खं हातात आलं. बाहेर येऊन तिने ते पुसलं, सँडविचच्या पिशवीत घातलं, पिशवीवर तारीख टाकली आणि जर्किनच्या आतल्या खिशात ठेवून चेन लावली. नवीन तोंड बसवायला वीस मिनिटं लागली. दुपारी फिन्टनने टाकी पुन्हा उपसायला घेतली तेव्हा पंप एकदाही कण्हला नाही. टाकी तळापर्यंत रिकामी झाली, धुतली गेली, पुन्हा उपसली. मग दोघं बाकावर बसून चहा प्यायले आणि बोटीतून वारा जाऊ दिला.

पाचच्या सुमाराला योगिनी संडासात गेली, दारावरची पाटी वाचली आणि पंप मारायला लागली. मोजून. पंप हलका होता. वीस झाल्यावर ती बाहेर आली. फिन्टन व्हेंटच्या वर, डेकवर गुडघ्यांवर बसून काठाबाहेर वाकला होता. वारा पडला होता.

"आला," तो म्हणाला. "थोडासा."

योगिनी घड्याळाकडे पाहत उभी राहिली.

"अजून आहे. अजून." त्याने नाक वर केलं, मग पुन्हा खाली. "गेला."

"किती वेळ होता?"

"मिनिटभर."

"बरोबर," योगिनी म्हणाली.

तिने सारंगला मेसेज पाठवला की व्हेंट उघडलाय, डायरीत टिक कर. मग प्रेसमधून वही काढली. 'तात्पुरते'च्या खाली एक ओळ सोडली आणि लिहिलं. १६ मे २०२१. व्हेंट उघडला. पाइप निर्दोष. वास मिनिटभर. ठीक.

फोन वाजला. सारंगने सप्टेंबरच्या पानाचा फोटो पाठवला होता. टिक निळ्या पेनाची होती, बाबांच्या सगळ्या काळ्या पेनाच्या. खाली त्याने विचारलं होतं, पुढचे महिनेही करू का? तिने लिहिलं, सगळे कर.